अणुयुद्धात राष्ट्रप्रमुख वाचेल, पण त्याचा हुकूम पोचेल का?

खडकतळ (धागालेखक)

बंकरांचा विषय निघाला की बोलणं दरवाज्याच्या जाडीवर जातं. दरवाजा महत्त्वाचा आहेच, पण माणूस जिवंत ठेवणं हा या प्रश्नातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. खरी कसोटी पुढे लागते. जिवंत राहिलेला हाच आता प्रमुख आहे हे बाकीच्यांना कळायला हवं, त्याचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचायला हवा आणि तो हुकूम त्याचाच आहे याची खातरजमा व्हायला हवी. यातली एक जरी कडी निसटली, तरी शेकडो फूट खडकाखाली बसलेला राष्ट्राध्यक्ष हा फक्त एक सुरक्षित नागरिक उरतो.

सुरुवात अमेरिकेपासून करू, कारण तिथली कागदपत्रं सर्वांत जास्त उघड झाली आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या रेव्हन रॉक डोंगरात १९५१ साली खोदकाम सुरू झालं आणि १९५३ मध्ये जागा वापरात आली. व्हर्जिनियातलं माउंट वेदर त्याच दशकातलं. त्या काळी धोका बॉम्बफेकी विमानांचा होता. विमानांना यायला कित्येक तास लागत, म्हणजे शंभरेक किलोमीटरवरच्या डोंगरात सरकार हलवायला वेळ होता. पुढे क्षेपणास्त्रं आली आणि हे गणितच कोसळलं. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला रशियातून अमेरिकेत पोचायला साधारण ३० मिनिटं लागतात. किनाऱ्याजवळच्या पाणबुडीतून सुटलेल्याला १० ते १५, कधी त्याहून कमी. त्यातली पहिली काही मिनिटं उपग्रहाने ज्वाळ टिपण्यात, रडारने दुजोरा देण्यात आणि फोन जोडण्यातच संपतात. उरलेल्या वेळात राष्ट्राध्यक्ष निर्णय घेईल की हेलिकॉप्टरकडे धावेल?

वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर हॉटेलखालचं उदाहरण डोळ्यांत भरणारं आहे. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसाठी बांधलेला हा बंकर १९६२ च्या सुमारास तयार झाला. १,१०० माणसांची सोय, वॉशिंग्टनपासून साधारण ४०० किलोमीटर. क्षेपणास्त्रांच्या काळात तिथे वेळेत पोचायचं तर संकट आठवडाभर आधी चाहूल देऊन यायला हवं. तरीही तो ३० वर्षं जय्यत तयार ठेवला होता, आणि मे १९९२ मध्ये पत्रकार टेड गप यांच्या लेखामुळे उघडा पडला.

जागा, संपर्क आणि अधिकार या तिन्ही अंगांनी जाणकारांनी लिहावं ही विनंती.

शिल्पी

जागेचं मी लिहितो.

ग्रीनब्रायरच्या बोगद्याचा दरवाजा २५ टनांचा आहे, पण बिजागऱ्यांवर तो इतका समतोल बसवलाय की २३ किलोच्या आसपास जोर लावला की एक माणूस तो हलवतो. हे मुद्दाम केलेलं आहे. वीज गेली, मोटर जळली, तरी दरवाजा लागलाच पाहिजे. कोलोरॅडोच्या शायेन डोंगरातल्या लष्करी केंद्राची मांडणी आणखी बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिथला मुख्य बोगदा डोंगरात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि २५ टनी दरवाजे बोगद्याच्या बाजूच्या भिंतीत आहेत. स्फोटाची लाट एका तोंडाने आत शिरली तर सरळ पुढे जाऊन दुसऱ्या तोंडाने निघून जाते, दरवाज्यावर समोरून आदळत नाही. आतल्या १५ पोलादी इमारती १,३१९ स्प्रिंगांवर उभ्या आहेत. एकेक स्प्रिंग साधारण ४५० किलोची. डोंगर हादरला तरी आतल्या फळ्या, तारा आणि माणसं त्याच झटक्याने तुटू नयेत म्हणून.

पण दरवाज्यापेक्षा जास्त बंकर हवेपायी निकामी ठरतात. हवा आत घ्यायची तर भोक ठेवावं लागतं, आणि भोक ठेवलं की त्यातून स्फोटाची लाट येते. म्हणून हवेच्या प्रत्येक वाटेवर ब्लास्ट व्हॉल्व्ह असतो आणि तो लाटेच्याच दाबाने, सेकंदाच्या छोट्या अंशात मिटतो. त्याच्या मागे आधी जाड धूळ अडवणारी गाळणी, मग अतिसूक्ष्म कण अडवणारी, शेवटी सक्रिय कोळशाची. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, आत येत नाही.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोळशाची गाळणी कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. वर शहर किंवा जंगल जळत असेल तर हवा आत घेणंच बंद करावं लागतं. मग हिशेब असा: बसलेला माणूस तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. माणशी २० घनमीटर जागा धरली तर त्याचं प्रमाण तासाला ०.१ टक्क्याने चढतं. १० तासांत १ टक्का, डोकं जड. ३० तासांत ३ टक्के, म्हणजे धाप, ठणकणारं डोकं आणि घसरलेली निर्णयशक्ती. देशाचा सर्वांत गंभीर निर्णय घेणारा माणूस त्याच खोलीत बसलेला असतो. ११ सप्टेंबर २००१ ला व्हाइट हाउसखालच्या आणीबाणीच्या खोलीत गर्दी झाली तेव्हा हवा जड होऊन काही जणांना बाहेर जायला सांगावं लागलं होतं, आणि तिथे तर बाहेरची हवा स्वच्छ होती.

दुसरा शत्रू उष्णता. प्रत्येक माणूस १०० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतो. १,१०० माणसं म्हणजे ११० किलोवॅट, वर यंत्रं वेगळी. कूलिंग टॉवर बाहेर उभारला तर पहिल्याच स्फोटात जाणार. म्हणून डोंगराच्या पोटात पाण्याचे तलाव खोदतात आणि उष्णता त्यात सोडतात. तलाव तापला की संपलं.

माती

शिल्पी, बंकरात ३० दिवस तग धरता यावा हे बंधन कुठून येतं? जर्मनी, कॅनडा, अमेरिका, सगळीकडे तोच आकडा दिसतो.

शिल्पी

किरणोत्सारी धुळीच्या हिशेबातून. ढोबळ नियम असा की स्फोटानंतरची वेळ ७ पट झाली की धुळीतल्या किरणांचा मारा १० पटीने उतरतो. स्फोटानंतर १ तासाने तासाला १,००० रॉन्टजेन (किरणांच्या माऱ्याचं माप) असेल तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी म्हणजे दोन दिवसांनी १०, आणि दोन आठवड्यांनी १. तेव्हा थोड्या वेळापुरतं बाहेर जाऊन अँटेना उभारता येतो. ३० दिवस म्हणजे याच्या दुप्पट मुदत. नवे स्फोट होत राहिले तर मात्र घड्याळ पुन्हा शून्यावर.

साठ्याचं गणितही याच मुदतीवर बेततात. ग्रीनब्रायरमध्ये २५,००० गॅलनच्या पाण्याच्या ३ टाक्या होत्या, म्हणजे २.८४ लाख लिटर. १,१०० माणसांना माणशी २५८ लिटर. रोज ८ लिटर दिलं तर ३२ दिवस. ८ लिटरांत पिणं, स्वयंपाक, तोंड धुणं सगळं आलं. आत शिरताना प्रत्येकाला अंगावरची धूळ धुवायला शॉवरखाली उभं करतात, ते पाणीही यातलंच. डिझेलच्या १४,००० गॅलनच्या ३ टाक्या, म्हणजे १.५९ लाख लिटर. जनरेटर एका युनिटला साधारण पाव लिटरहून थोडं जास्त डिझेल खातो. सतत ५०० किलोवॅट ओढले तर दिवसाला ३,२०० लिटरच्या वर, म्हणजे साठा दीड महिना. हे गणित मी टाकीच्या मापावरून मांडलंय, तिथला प्रत्यक्ष विजेचा भार वेगळा असू शकतो.

बिघाड होतो तो वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे. डिझेलच्या टाकीच्या तळाला पाणी साचतं, पाण्याच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि ऐन वेळी गाळणी तुंबून इंजिन बंद पडतं. तेल ठरावीक काळाने उपसून गाळून परत भरावं लागतं. दुसरी चूक म्हणजे जनरेटर दर महिन्याला भाराविना १० मिनिटं चालवून ‘चाचणी झाली’ अशी नोंद करणं. भार नसेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, न जळलेलं तेल धुरांड्याच्या वाटेत साचतं, आणि पूर्ण भार द्यायची वेळ आली की यंत्र धापा टाकतं. चाचणी घ्यायची तर भार जोडूनच घ्यायची.

सांडणीस्वार

संपर्काची बाजू मांडतो, कारण माझ्या मते सगळा खेळ इथे आहे.

बंकर खडकात असतो, पण अँटेना वरच असावा लागतो. खडक रेडिओलहरी अडवतो. म्हणजे आतला माणूस शाबूत आणि त्याचा आवाज पहिल्याच मिनिटाला गेलेला, असं होऊ शकतं. फोनच्या तारा आणि त्यांची जोडकेंद्रं शहरांत, शहरं लक्ष्य. उपग्रह आहेत, पण जमिनीवरची स्थानकं उघडी. त्यात अणुस्फोटातून निघणारा, विजेची यंत्रं निकामी करणारा विद्युतचुंबकीय झटका. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने जॉन्स्टन बेटावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा स्फोट केला, तेव्हा १,४०० किलोमीटरवर हवाईतले रस्त्यावरचे काही दिवे गेले. आजची बारीक चिपची यंत्रं तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांपेक्षा खूप नाजूक आहेत.

यावर उपाय निघाला तो हवेत राहण्याचा. ३ फेब्रुवारी १९६१ पासून २४ जुलै १९९० पर्यंत अमेरिकी हवाई दलाचं ‘लुकिंग ग्लास’ विमान सतत आकाशात होतं. ८ तासांची पाळी, आत एक जनरल. पुढचं विमान जागेवर आलं की मगच आधीचं खाली उतरायचं. जमिनीवरची सगळी केंद्रं गेली तरी हा जनरल राष्ट्राध्यक्षाचा हुकूम पुढे पाठवू शकत होता, आणि विमानातूनच मिनिटमन क्षेपणास्त्रं डागायची यंत्रणा त्यात होती.

पाणबुड्यांचा प्रश्न वेगळा. समुद्राचं पाणी रेडिओ गिळतं. ३ ते ३० किलोहर्ट्झच्या अतिनीच लहरी १०-२० मीटरपर्यंत उतरतात, पण त्यांना अँटेना किलोमीटरच्या मापात लागतो. अमेरिकी नौदलाची ई-६ विमानं हे काम करतात. विमानाच्या पोटातून साधारण ८ किलोमीटर लांबीची तार रिळावरून सोडतात, टोकाला वारा धरणारं एक फनेल. मग विमान एका अंगावर कलून लहानशा वर्तुळात घिरट्या घालत राहतं. तार मागे लांबत न जाता खाली लोंबायला लागते, जवळजवळ उभी. ती उभी राहिली तरच लहरी चांगल्या पसरतात. पाठवायची ताकद २०० किलोवॅट. वर्तुळ सैल झालं की तार आडवी होते आणि संदेश पांगळा होतो. वाऱ्याचा झोत आडवा आला की तार डोलायला लागते, त्यामुळे चालकाला तासन्‌तास कलतं विमान नेमक्या वेगात धरावं लागतं.

संदेश किती मोठा? फार लहान. या लहरींवरून अक्षरं संथ उतरतात. चित्र, आवाज, समजूत घालणं काही नाही. ठरलेल्या साच्यातली अक्षरं आणि आकडे, आणि खातरजमेचा संकेत. विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये १९८९ ते २००४ या काळात ७६ हर्ट्झची यंत्रणा होती. ती पाण्यात आणखी खोल पोचायची, पण तीन अक्षरं पाठवायला कित्येक मिनिटं लागत. तिचा उपयोग ‘वर ये, पुढचा संदेश ऐक’ एवढं सांगण्यापुरता.

आणखी एक उपाय १९६७ ते १९९१ होता: मिनिटमनच्या टोकाला बॉम्बऐवजी रेडिओ. हुकूम आवाजात भरायचा, क्षेपणास्त्र वर सोडायचं आणि ते उडत असताना अर्ध्या जगाला ऐकवत राहायचं. यावरूनच संपर्काची धास्ती किती होती ते कळतं.

कायदेपंडित

सांडणीस्वार यांच्या प्रतिसादाला जोडून. तार उभी राहिली, संदेश गेला. पण बोलणारा कोण?

अमेरिकेत १९४७ च्या वारसाक्रम कायद्याने उपराष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृहाचा सभापती, सिनेटचा ज्येष्ठ पीठासीन सदस्य आणि मग मंत्री असा क्रम ठरवला. आज या यादीत १८ पदं आहेत. यातला कोण कुठे आहे याची सतत नोंद ठेवणारी एक यंत्रणा फेमा या आपत्तीसंस्थेकडे असते, कारण क्रमांक ७ चा माणूस जिवंत आहे हे कळलंच नाही तर तो असून नसल्यासारखा. राष्ट्राध्यक्ष काँग्रेससमोर भाषणाला उभा असतो तेव्हा एका मंत्र्याला मुद्दाम दुसरीकडे ठेवतात ते याचसाठी. १९८१ मध्ये शिक्षणमंत्री टेरेल बेल यांचं नाव असं जाहीर झालं होतं.

पण त्या कायद्यात एक गाठ आहे. समजा सभापती आणि इतर गेले आणि कृषिमंत्री हंगामी राष्ट्राध्यक्ष झाला. दोन आठवड्यांनी उरलेल्या सदस्यांनी नवा सभापती निवडला तर तो कृषिमंत्र्याला बाजूला सारून ती जागा घेऊ शकतो. युद्धाच्या मध्यात प्रमुख बदलणार. शत्रूने वाटाघाटी कोणाशी करायच्या? शिवाय प्रतिनिधिगृहाच्या रिकाम्या जागा निवडणुकीनेच भरता येतात, नेमणुकीने नाही. सिनेटला राज्यपाल नेमू शकतात. निम्मं प्रतिनिधिगृह गेलं तर मतदान कुठे आणि कसं घेणार? २००५ मध्ये गृहाने स्वतःच्या नियमांत तात्पुरत्या गणसंख्येची तरतूद केली, पण तिच्या घटनात्मकतेवर वाद आहे.

३० मार्च १९८१ हा दिवस बारकाईने पाहावा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांना गोळी लागली. त्यांच्या ओळखीचे संकेत असलेलं कार्ड अंगावरच होतं. इस्पितळात कपडे कापून काढले आणि ते कार्ड कपड्यांबरोबर एफबीआयच्या ताब्यात गेलं. उपराष्ट्राध्यक्ष बुश टेक्सासहून परतीच्या विमानात, आणि त्या विमानात सुरक्षित आवाजी संपर्क नव्हता. परराष्ट्रमंत्री हेग यांनी पत्रकारांसमोर सूत्रं आपल्याकडे असल्याचं सांगितलं आणि वारसाक्रमात स्वतःला तिसरं धरलं. ते चूक होतं, सभापती आधी येतो. बंदूकधारी एकटा होता, युद्ध नव्हतं, सगळे फोन चालू होते. तरी काही तास सूत्रं कोणाकडे हे कोणी ठामपणे सांगू शकत नव्हतं.

निनावी_वाचक

राष्ट्राध्यक्षाबरोबर अण्वस्त्रांची काळी बॅग फिरते, त्या बॅगेत बटण असतं ना? मग कार्ड कशाला?

कायदेपंडित

बटण नसतं. साधारण २० किलोच्या त्या बॅगेत हल्ल्याच्या पर्यायांचे कागद, सुरक्षित जागांची यादी आणि संपर्काची साधनं असतात. कार्ड राष्ट्राध्यक्षाच्या अंगावर. पेंटॅगॉनच्या लष्करी केंद्रातला अधिकारी त्याला आव्हान म्हणून दोन अक्षरं सांगतो, राष्ट्राध्यक्ष कार्डावरून उत्तर देतो. कार्ड हल्ला मंजूर करत नाही, ते फक्त ‘बोलणारा तोच’ एवढं सिद्ध करतं. बॅग उचलणारा अधिकारी वेगवेगळ्या दलांतून आळीपाळीने येतो. उपराष्ट्राध्यक्षाबरोबरही अशीच बॅग असते, आणि ते योग्यच आहे. एकच बॅग असती तर सगळा डोलारा एका मोटारीच्या मागच्या सीटवर अवलंबून राहिला असता.

मावळतीकर

ब्रिटनची वाट वेगळी आणि मला वाटतं जास्त प्रामाणिक होती. विल्टशरमध्ये कोर्शमजवळ जुन्या दगडखाणीत त्यांनी ३५ एकरांचं भूमिगत शहर वसवलं. ४,००० माणसं, ३ महिने, टेलिफोन एक्स्चेंज, बीबीसीचा स्टुडिओ. संकेतनावं बदलत गेली: बर्लिंग्टन, टर्नस्टाइल वगैरे. पण एवढं मोठं ठिकाण लपत नाही, आणि एका मोठ्या बॉम्बने सगळं सरकार एकदम जाऊ शकतं हे त्यांच्या लक्षात आलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘पायथन’ नावाची योजना आखली. एकच खंदक न ठेवता लहान गट देशभर पांगवायचे, प्रत्येक गट स्वतः सरकार चालवू शकेल असा. त्यातला एक जरी टिकला तरी राज्य टिकलं.

याच ब्रिटनमध्ये १९६१ च्या कागदपत्रांत एक तपशील सापडतो. पंतप्रधान मॅकमिलन मोटारीत असताना त्यांना इशारा द्यायचा कसा? उपाय असा की ऑटोमोबाइल असोसिएशनच्या रेडिओवरून मोटारीला निरोप द्यायचा, आणि पंतप्रधानांनी जवळच्या सार्वजनिक फोनवरून लंडनला फोन करायचा. ड्रायव्हरजवळ फोनसाठी ४ पेन्स असावेत असंही सुचवलं होतं, आणि नाणी नसतील तर समोरच्याकडून पैसे भरून घेणारा कॉल करता येईल असंही. जगातल्या मोजक्या अण्वस्त्रधारी देशांपैकी एकाच्या निर्णयाची कडी त्या वेळी त्या चार नाण्यांतून जात होती.

मग अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांतली पत्रं. प्रत्येक नवा पंतप्रधान स्वतःच्या हाताने ४ पत्रं लिहितो, प्रत्येक पाणबुडीसाठी एक. पत्र तिजोरीच्या आतल्या तिजोरीत. लंडनशी सगळा संपर्क तुटला, आणि ठरलेल्या चाचण्यांनी देश उरला नसल्याची खात्री झाली, तरच कप्तान ते उघडतो. त्या चाचण्यांत बीबीसी रेडिओ ४ ऐकू येतो का हीही एक असल्याचं सांगितलं जातं. पंतप्रधान बदलला की जुनी पत्रं न वाचता नष्ट होतात.

इतिहासप्रेमी

मावळतीकर, हे वाचून १६८९ आठवलं. रायगडाला वेढा पडत असताना राजाराम महाराज जिंजीकडे गेले, येसूबाई गडावर राहिल्या, आणि मुलखात रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकमतपनाह’ म्हणून निर्णयाचे अधिकार दिले. राजाला दूर पाठवलं, पण अधिकार मागे ठेवला. नुसता जीव वाचवला असता तर राज्य राहिलं नसतं.

सांडणीस्वार

तुलना पटते, पण एक फरक धरून चला. तिथे निरोपाला आठवडे मिळत आणि चुकलेला हुकूम दुसऱ्या पत्राने दुरुस्त करता येई. अण्वस्त्राचा अधिकार आधी वाटून दिला तर चूक परत घेता येत नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस काही सेनापतींना, वॉशिंग्टनशी संपर्क नसल्यास अण्वस्त्रं वापरण्याची मुभा आधीच देऊन ठेवली होती. राजधानी गेली तरी उत्तर जाईल हा फायदा. पण संपर्क वादळाने तुटला की बॉम्बने, हे त्या सेनापतीला कसं कळणार? फायदा आणि धोका एकाच कागदावर होते.

मॉस्कोकर

सोव्हिएत संघाने याच प्रश्नाला ‘पेरिमीटर’ हे उत्तर दिलं. लोक त्याला आपोआप डागणारं यंत्र समजतात. तिथले निवृत्त कर्नल वालेरी यारीनिच यांनी दिलेल्या माहितीनुसार ते तसं नाही. आधी वरच्या नेतृत्वाने संकटकाळात यंत्रणा चालू करायची. मग जमिनीचे हादरे, प्रकाश, दाब, किरणोत्सार मोजणारी उपकरणं अणुस्फोट झाले का ते तपासतात, आणि जनरल स्टाफशी, म्हणजे लष्कराच्या मुख्यालयाशी, संपर्क आहे का ते पाहतात. स्फोट झालेत आणि संपर्क नाही, तर अधिकार खोल खंदकातल्या काही अधिकाऱ्यांकडे येतो. त्यांनी कळ फिरवली की हुकूम देणारी क्षेपणास्त्रं उडतात आणि वरून रेडिओने बाकीच्यांना आदेश देतात. १३ नोव्हेंबर १९८४ ला कापुस्तिन यार इथून असं एक क्षेपणास्त्र सोडलं आणि त्याच्या आदेशावर बायकोनूरहून दुसरं उडालं. जानेवारी १९८५ मध्ये यंत्रणा कामाला लागली.

यामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. म्हाताऱ्या नेत्यांना १० मिनिटांत, अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायला लागू नये. ‘आपण गेलो तरी उत्तर जाईल’ एवढी खात्री असेल तर खोट्या इशाऱ्यावर थांबता येतं.

पण बाहेरच्या हल्ल्याची तयारी केलेली कडी आतून तुटू शकते. १८ ऑगस्ट १९९१ ला क्रिमियात फोरोस इथे गोर्बाचेव यांच्या बंगल्याचे फोन तोडले गेले. अण्वस्त्रांच्या ‘चेगेत’ बॅगेच्या अधिकाऱ्यांचाही संपर्क गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बॅगेसह मॉस्कोला नेलं. राष्ट्राध्यक्ष धडधाकट होता, खडकाखालीही नव्हता, तरी तो हुकुमाच्या साखळीबाहेर होता.

माती

भारताचं काय?

कायदेपंडित

४ जानेवारी २००३ ला सरकारने अण्वस्त्र आदेश प्राधिकरणाची रचना जाहीर केली. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषद निर्णय घेते, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखालची कार्यकारी परिषद माहिती देते आणि निर्णय अमलात आणते. कोणत्याही परिस्थितीत प्रत्युत्तर देता यावं म्हणून पर्यायी आदेशसाखळ्यांना मंजुरी दिल्याचंही त्याच निवेदनात होतं. त्या साखळ्यांत कोण आहे हे सांगितलेलं नाही, आणि सांगूही नये.

प्रथम वापर न करण्याचं धोरण असलेल्या देशाला ही गोष्ट इतरांपेक्षा जास्त लागते. पहिला घाव आपण सोसणार असं ठरवलं, तर घाव बसल्यानंतरही आदेश देणारा आणि आदेश वाहणारी तार उरलीच पाहिजे.

सांडणीस्वार

आणि ती तार पाणबुडीपर्यंत जायला हवी. तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे आयएनएस कट्टबोम्मन हे अतिनीच लहरींचं केंद्र १९९० पासून आहे. तेलंगणात विकाराबादजवळ दामगुंडम इथे दुसऱ्या केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तिथल्या जंगलाबद्दल स्थानिकांचा विरोध आहे आणि तो ऐकला गेलाच पाहिजे, पण एकाच्या जागी दोन केंद्रं असण्याची गरज खरी आहे. तरीही उंच मनोरे आणि मैलोन्‌मैल तारा असलेलं जमिनीवरचं केंद्र लपत नाही. अमेरिका विमानातून तार सोडते ती याचसाठी.

खडकतळ

सगळ्यांचे आभार. फसलेल्या वेळांची भर घालतो, कारण तालीम न केलेली योजना कागदच राहते.

१९७७ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रझेझिन्स्की यांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला व्हाइट हाउस रिकामं करण्याची तालीम अचानक लावली. हेलिकॉप्टर यायला ठरल्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला आणि पहाऱ्यावरच्यांना त्याची कल्पना नसल्याने ते पाडलं जाण्याची वेळ आली होती. ९ नोव्हेंबर १९७९ ला सरावाची फीत चालू यंत्रणेत शिरली, पडद्यावर पूर्ण हल्ला दिसला, आणि राष्ट्राध्यक्षांचं आणीबाणीचं विमान उडालं. राष्ट्राध्यक्ष त्यात नव्हते. पुढच्या वर्षी ३ जूनला ४६ सेंटच्या चिपने तसाच गोंधळ घातला. यानंतर कार्टर यांनी जून १९८० मध्ये नेतृत्व टिकवण्याविषयी ५८ क्रमांकाचा निर्देश काढला. रेगन यांच्या काळात तो विस्तारला. तीन गट, प्रत्येकात राष्ट्राध्यक्ष होऊ शकेल असा एक मंत्री, तिघेही वेगळ्या दिशांना. म्हणजे अमेरिकाही शेवटी पांगण्यावरच आली.

आणि ११ सप्टेंबर. व्हाइट हाउस, पेंटॅगॉन आणि विमान वाहतूक खातं, तिघांनी आपापली वेगळी फोन-बैठक चालू केली. एकीतली माणसं दुसरीत नव्हती. पेंटॅगॉनच्या बैठकीत विमान खात्याचा फोन जोडायलाच अडचण आली, आणि जो माणूस शेवटी जोडला गेला त्याचा अपहरणाच्या कामाशी संबंध नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या विमानातून उपराष्ट्राध्यक्षांशी चालू असलेलं बोलणं वारंवार तुटत होतं, आणि टीव्ही खालच्या स्थानिक केंद्राच्या टप्प्यात असेपर्यंतच दिसत होता. कोट्यवधी डॉलरची यंत्रणा होती. सकाळी ९ वाजता कोणी कोणाला फोन करायचा, याचा सराव नव्हता.

निनावी_वाचक

शेवटची शंका. राष्ट्राध्यक्षांचं आणीबाणीचं ते मोठं ७४७ चं विमान, ई-४बी, हवेतच इंधन भरतं. मग ते आठवडाभर वर का राहू शकत नाही?

शिल्पी

इंजिनाच्या वंगणामुळे. इंधन हवेत भरता येतं, पण वंगण तेल थोडं थोडं खर्च होत राहतं आणि ते हवेत पुरवायची तशी सोय नाही. म्हणून साधारण ७२ तासांची मर्यादा सांगतात. शिवाय इंधन देणाऱ्या विमानांनाही तळ लागतात आणि ते तळ शत्रूच्या यादीत असतातच.

मूळ विमानं १९७० च्या दशकातली आहेत, एकूण ४. एप्रिल २०२४ मध्ये नव्या विमानांसाठी सिएरा नेवाडा कंपनीला सुमारे १३ अब्ज डॉलरचं कंत्राट मिळालं, आणि त्यासाठी कोरियन एअरकडची वापरलेली ७४७-८ विमानं घेतली आहेत. जुन्या विमानांचे सुटे भाग मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. तोपर्यंत तिसऱ्या दिवशी उतरायला ७४७ ला पुरेल अशी शाबूत धावपट्टी, तिच्याजवळ योग्य जातीचं वंगण आणि ते भरणारी चार माणसं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. किरणोत्सारी धुळीत ती माणसं किती वेळ विमानाबाहेर उभी राहू शकतील, हे वरच्या ७ आणि १० च्या नियमावरूनच काढतात.